शेजारची सीट

नवऱ्यानं गाडी घेतली हे तिला गाडी दारात आल्यावरच कळलं. तीही गाडी स्वतःच्या चाकांवर आली नव्हती. टेम्पोच्या पाठीवर दोरखंडांनी बांधून आणलेली, एक दिवा फुटलेला, टायर बसलेले आणि मागच्या सीटवर कोंबड्यांनी कधीकाळी मांडलेल्या संसाराच्या खुणा. टेम्पोवाला आणि नवरा मिळून गाडी फळीवरून खाली सरकवत होते, तेव्हा ती हात पुसत बाहेर आली.

"अहो, हे काय?"

"गाडी."

"ते दिसतंय मला. कुणाची?"

"आपली," तो म्हणाला, आणि त्याच्या तोंडभर असं हसू पसरलं की पुढचे चार शब्द तिला गिळावे लागले.

फ्रिजसाठी बाजूला ठेवलेले पैसे गेले होते, हे तिनं न विचारताच ओळखलं. घरातला फ्रिज आता आजारी माणसासारखा कण्हत होता, पण तो आवाज फक्त तिलाच यायचा. दातांच्या एका डॉक्टरनं चौदा वर्षं शेडमध्ये टाकून दिलेली गाडी नवऱ्यानं फ्रिजच्या भावात उचलली होती. डॉक्टरनं ती गळ्यात मारली, असं शेजारपाजारचं मत पडलं. तिचंही तेच होतं.

पण गाडी साधी नव्हती. निदान नवऱ्याच्या लेखी तरी नव्हती. तो विशीत छापखान्यात चिकटला, तेव्हा पहिल्याच महिन्यात त्याच्या हातून जे काम निघालं, ते याच गाडीच्या जाहिरातीचं पत्रक. छोटीशी, गोल दिव्यांची, दोन दारांची गाडी, विटकरी रंगाची. कागदाच्या एका तावावर रंग जरासा सरकला होता, त्यामुळे चित्रातल्या गाडीला दोन कडा आल्या होत्या. तो वाया गेलेला ताव त्यानं घरी आणला आणि गेली चाळीस वर्षं कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवला. लग्न होऊन ती या घरात आली, तेव्हा तिला वाटलं होतं, नवऱ्याला गाड्यांचा शौक आहे. शौक नव्हता. तेवढी एकच गाडी होती.

आता तिच्याबद्दल सांगायला हवं. ती टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती. एकतीस वर्षं कानाला यंत्र लावून, समोरच्या फळ्याकडे बघत, कधीही न दिसलेल्या माणसांशी बोलली. तिचा कान म्हणजे नुसता कान नव्हता. तारेतली खरखर ऐकून ती सांगायची, जोड सैल आहे की तार भिजलीय, आणि दुरुस्तीवाले साहेबांना न विचारता तिला विचारायचे. घरातही तिची हीच रीत. भाजी चिरता चिरता, कपडे वाळत घालता घालता, नळाखाली भांडी धरून ती बोलत राहायची. बोलायला समोर तोंड असावं लागतं, हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी ती निवृत्त झाली आणि यंदा तो झाला. पाळ्यांच्या नोकऱ्यांमध्ये आयुष्य गेलं. एक आला की दुसरी निघालेली. आता तरी दोघं बसू, बोलू, असं तिनं मनात धरलं होतं. त्यावर पाणी फिरलं. जेवताना समोरासमोर बसले की तो नीट बोलायचा, अगदी तिच्या तोंडाकडे टक लावून बघत. लग्नानंतर त्या बघण्याचं तिला भारी कौतुक वाटायचं. अलीकडे तिला वाटायचं, दातात काही अडकलंय का बघतोय. पण ताटं उचलली, पाठ फिरली, की संपलं. मग ती काहीही विचारो, उत्तर एकतर येत नसे, किंवा येई ते "हं". दूरगावी असलेल्या मुलाचा रविवारी फोन आला, तरी "तुझ्या आईशी बोल" म्हणून दुसऱ्या सेकंदाला रिसिव्हर तिच्या हातात. पोटच्या पोराशीही दोन शब्द बोलायचे नाहीत, हे तिला फार लागायचं.

माणूस आपल्याला कंटाळला आहे, हे बायकोला कुणी सांगावं लागत नाही, असं तिला वाटत होतं. आणि तिला तसं कुणी सांगितलंही नव्हतं.

गाडी आली तसा तो घरातून जवळजवळ गेलाच. अंगणाच्या कोपऱ्यात पत्र्याचं छप्पर टाकलं आणि सकाळचा चहा झाला की तो तिकडे. खाली जुने वर्तमानपत्री कागद अंथरायचे, काढलेला प्रत्येक भाग त्यावर ठेवायचा, भोवती पेन्सिलीनं त्याची रेघ मारायची आणि आत आकडा टाकायचा. सगळं अंगण आकड्यांनी भरून गेलं. पायाखालचा पत्रा गंजानं इतका खाल्ला होता की गाडीत बसून मुंग्यांची रांग दिसायची. तो त्यानं कापला, नवा जोडून आणला. ब्रेक उघडले, कार्बोरेटर केरोसिनमध्ये भिजत घातला, सीटमधला काथ्या बदलला. जिथं हात अडला तिथं नाक्यावरच्या गॅरेजवाल्याला गाठलं. तो गॅरेजवाला आधी हसायचा, मग हसायचा बंद झाला आणि पुढे पुढे स्वतःच संध्याकाळी येऊन उभा राहू लागला.

रंगाच्या वेळी तर कमालच झाली. दुकानदारानं चार तयार विटकरी रंग दाखवले. नवऱ्यानं कपाटाच्या दारावरचा तो ताव अलगद सोडवून नेला, भिंग लावून दुकानदाराला दाखवला, आणि शेवटी स्वतः बाह्या सरसावून डबे मागवले. थोडा लाल, थोडा पिवळा, नखभर काळा. दोन तास लागले. पण जमला तो रंग तावावर ठेवला तर वेगळा दिसेना. घरी आल्यावर त्यानं बोट दाखवून तिला विचारलं, "बघ, आहे ना?" रंग खरंच तोच होता. तिनं मान हलवली आणि आत गेली. एवढा जीव आपल्यावर कधी लावला असता, तर आपण कुठल्या कुठे गेलो असतो, असं तिच्या मनात आलं, आणि गाडीचा मत्सर करायची वेळ आली म्हणून तिला स्वतःचीच लाज वाटली.

चौथ्या महिन्यात इंजिन सुरू झालं. ती स्वयंपाकघरात होती. दोनदा खोकलं, तिसऱ्यांदा पकडलं आणि घरघरायला लागलं. तिनं खिडकीतून पाहिलं. नवरा डोळे मिटून, उघड्या इंजिनावर तळहात ठेवून उभा होता. आणि त्या घरघरीच्या खाली तिला दुसरं काहीतरी ऐकू आलं. बारीक, कोरडं, मधूनच येणारं.

"अहो, पंख्याजवळ काहीतरी कुरकुरतंय!" ती खिडकीतून ओरडली.

त्यानं मान वळवली नाही.

"अहो! पंख्याच्या तिथं! ऐका ना!"

त्यानं डोळे उघडले, इंजिनावर दोनदा थोपटलं आणि स्वतःशीच म्हणाला, "हाताला लोण्यासारखी लागते." तिच्या अंगाचा तिळपापड झाला. एकतीस वर्षं साहेबलोक माझ्या कानावर विसंबून राहिले, आणि घरच्या माणसाला माझं एक वाक्य ऐकावंसं वाटत नाही. कुरकुरू दे, म्हणाली. माझं काय जातंय.

त्याच संध्याकाळी ते घडलं. जेवणं झाली होती. ती नळाखाली भांडी घासत होती, तो मागे टेबलाशी वर्तमानपत्र उघडून बसला होता. तिनं मागे न बघताच सांगून टाकलं, कारण बघितलं असतं तर तिला बोलवलं नसतं.

"मी धाकटीकडे राहायला जाते. तिच्याकडे एक खोली रिकामी आहे. कायमची जाते. तुम्हाला चालेल ना?"

नळ वाहत होता. ती थांबली. तिनं हातातली वाटी तीनदा घासली.

"हं," मागून आलं. आणि मग, कागदाचं पान उलटल्यावर, "बरं."

चाळीस वर्षांचा संसार, आणि एक "बरं". तिनं नळ बंद केला, वाटी पालथी घातली आणि झोपायच्या खोलीत जाऊन माळ्यावरची मोठी बॅग काढली.

धाकटी म्हणजे तिची सख्खी बहीण, दोन तासांच्या वाटेवर राहणारी. दुसऱ्या दिवशी जेवताना ती एवढंच म्हणाली, "रविवारी निघते धाकटीकडे." बाकीचं सांगून झालंच होतं. पुन्हा सांगून स्वतःची शोभा का करून घ्या?

त्याचा चेहरा उजळला. "अरे वा! मग बसनं कशाला? गाडीनंच जाऊ. पहिला प्रवास!"

पाठवायची एवढी घाई, ती मनात म्हणाली, आणि मूग गिळून बसली.

रविवारी सकाळी त्यानं गाडी पुसून दारात लावली. बंपर चकाकत होता, गोल दिवे लख्ख. तिची बॅग डिकीत ठेवताना तो वाकला. "केवढी जड! आठ दिवसांसाठी घर घेऊन निघालीस की काय?" तिला वाटलं, थट्टा करतोय. अशा वेळीसुद्धा थट्टा. ती शेजारच्या सीटवर जाऊन बसली आणि पर्स मांडीवर घट्ट धरली.

चाळीस वर्षांत दोघं असे शेजारी शेजारी कुठं बसलेच नव्हते. बसमध्ये बायकांची जागा वेगळी, स्कूटरवर ती मागे. इथं तो तिच्यापासून वीतभर अंतरावर होता, पण दिसत होता फक्त एका बाजूनं. कान, गाल, ताठ मान. नजर रस्त्यावर.

"घरी भाजी ठेवलीय दोन दिवसांची," ती म्हणाली.

काही नाही.

"दूधवाल्याला अर्धाच लिटर सांगितलंय."

काही नाही. शेवटचा दिवस आहे, आज तरी, असं वाटून तिचे डोळे भरून आले आणि ती खिडकीबाहेर बघायला लागली. मागून एक ट्रक आला. एकदा हॉर्न दिला, दुसऱ्यांदा दिला, तिसऱ्यांदा तर लांबलचक. ती दचकून सीटला चिकटली. नवरा रस्त्याच्या मधोमध, आपल्या मजेत. शेवटी ट्रकवाल्यानं चाक मातीत घालून गाडी पुढे काढली आणि जाताना हात बाहेर काढून बरंच काही सांगितलं. नवरा म्हणाला, "काय भरधाव जातात लोक."

मग ती कुरकुर वाढली. आधी चढाला, मग सपाटीला. छोट्या गावाच्या चौकातल्या सिग्नलला ते थांबले तोवर त्या कुरकुरीची किंकाळी झाली होती. पाटीवर खडू उलटा ओढावा तशी. सायकलवाल्यानं खांदा उचलून एक कान दाबला. कडेवरचं मूल रडायला लागलं. पेपरवाला, पोलीस, रस्ता ओलांडणाऱ्या दोन म्हाताऱ्या, सगळा चौक वळून त्यांच्याकडे बघत होता. तिला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

नवरा हसत होता. त्यानं काच खाली केली, हात बाहेर काढला आणि सगळ्यांना अगदी मानानं हलवून दाखवला. लोक गाडीकडे बघताहेत, असं त्याला वाटत होतं. त्याच्या विटकरी गाडीकडे.

तिचं रडू थांबलं. तिनं मान सरळ ठेवली, समोरच्या काचेकडे बघितलं आणि एकतीस वर्षं रोज शेकडो वेळा म्हटलेलं वाक्य म्हटलं, त्याच आवाजात, न मोठ्यानं न हळू.

"हॅलो. माझा आवाज येतोय का?"

सिग्नल हिरवा झाला. त्यानं गिअर टाकला.

"हॅलो. माझा आवाज येतोय का तुम्हाला?"

तो आनंदात पुढे बघत होता. तार तुटलेली होती. कधीची तुटलेली होती देव जाणे, आणि तिनं, जिच्या कानाची ख्याती होती तिनं, एकदाही ती तपासली नव्हती. छापखान्याच्या त्या कानठळ्या बसवणाऱ्या दालनात सगळे कामगार ओठांवरून आणि हातवाऱ्यांवरून बोलायचे, हे त्यानंच तिला लग्नानंतर हसत हसत सांगितलं होतं. तोंडाकडे टक लावून बघणं. पाठ फिरली की "हं". मुलाचा फोन. नळाखालचं "बरं". एकेक गोष्ट आपापल्या जागी जाऊन बसली, त्याच्या अंगणातल्या आकड्यांवर भाग बसावेत तशी.

तिनं त्याच्या दंडावर हात ठेवला. तो दचकला, तिच्याकडे वळला. "थांबवा गाडी," ती म्हणाली, आणि गावाबाहेरच्या एका झाडाखाली त्यानं ती बाजूला घेतली. बॉनेटच्या फटीतून वाफ निघत होती. ते बघून तो उतरायला लागला, तर तिनं त्याची बाही धरली.

"तुम्हाला ऐकू येत नाही."

नेहमीचं हसू आणायचा प्रयत्न त्यानं केला. ते आलं नाही.

"किती दिवस झाले?"

"सहा वर्षं," तो म्हणाला. "आधी तुझ्या बाजूचा गेला. मोठं मशीन त्याच अंगाला होतं."

"सहा वर्षं! सहा वर्षं मी भिंतीशी बोलतेय, आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत?"

"डॉक्टरला दाखवलं होतं. कानात यंत्र घाला म्हणाला." त्यानं स्टिअरिंगवरची नसलेली धूळ अंगठ्यानं पुसली. "अख्खी एक्सचेंज तुझ्या कानाचं नाव काढायची. तुझ्यापुढे बहिरा म्हणून बसायचं? लाज वाटली गं. आज सांगू, उद्या सांगू असं झालं. मग वाटलं, तूही आता फारसं बोलत नाहीस, तर चाललंय ते चालू दे."

"मी बोलत नाही?"

"मला तरी दिसत नाहीस बोलताना."

तिला त्याला दोन लगावाव्यात असं वाटलं, आणि त्याच वेळी त्याचं डोकं पोटाशी धरावंसं वाटलं. यातलं काहीच न करता ती म्हणाली, "उतरा. आधी ते किंचाळणं बंद करा."

इंजिन निवेपर्यंत ते झाडाखाली बसले. मग त्यानं पंख्याचा पट्टा बोटानं दाबून बघितला. सैल होता. बाजूचा बोल्ट ढिला केला, लांब पान्यानं डायनामो बाहेर रेटून पट्टा ताणला. इंजिन सुरू केलं आणि सवयीनं तळहात ठेवायला गेला, तर तिनं तो हात बाजूला केला आणि बोट हलवलं. नाही. अजून आहे. त्यानं आणखी ताणला. तिनं मान तिरकी करून ऐकलं.

"आता वेगळंच. सूं करतंय. बारीक."

"म्हणजे जास्त झाला," तो तिच्या ओठांकडे बघत म्हणाला आणि केसभर ढिला केला. "आता?"

तिनं डोळे मिटले. नुसती घरघर होती, सरळ आणि स्वच्छ. "आता छान," ती म्हणाली, आणि त्यानं बोल्ट आवळला.

रेडिएटरमध्ये पाणी भरायला त्यानं डिकीतली बाटली काढली, आणि तिथली बॅग बघून थबकला. या वेळी थट्टा केली नाही. तिच्याकडे वळून विचारलं, "एवढी जड का आहे?"

आता खोटं बोलायचं काही कारण उरलं नव्हतं. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली, ओठ नीट दिसावेत इतक्या जवळ, आणि म्हणाली, "त्या दिवशी नळाखाली भांडी घासताना मी तुम्हाला सांगितलं होतं. मी धाकटीकडे कायमची राहायला जाते म्हणून. चालेल ना, असंही विचारलं होतं."

"मी काय म्हणालो?"

"बरं म्हणालात."

त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. पाण्याची बाटली त्याच्या हातात वाकली आणि पाणी बुटांवर सांडलं. त्याला ते कळलं नाही.

"परत विचार," तो म्हणाला.

"काय?"

"तेच. आत्ता विचार. तोंडासमोर."

तिनं विचारलं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. "मी धाकटीकडे कायमची जाते. तुम्हाला चालेल?"

"नाही," तो म्हणाला. आपला आवाज केवढा आहे ते त्याला कळत नव्हतं, त्यामुळे तो फार मोठ्यानं म्हणाला. रस्त्यानं जाणारा एक माणूस थांबून बघायला लागला. "नाही चालणार. नको जाऊस. मला एकट्याला नाही जमणार."

ती रडली, आणि रस्त्यावरच्या माणसाची पर्वा केली नाही.

धाकटी जेवायला वाट बघत होती, म्हणून गाडी परत फिरवली नाही. जेवू आणि संध्याकाळी निघू, असं ठरलं. बॅग डिकीतच राहू दे, ती म्हणाली. आणि सोमवारी त्या डॉक्टरकडे जायचं. त्यात बोलायला जागा नाही, तुम्ही "हं" म्हणालात तरी मी ऐकणार नाही. तो "बरं" म्हणाला आणि मग स्वतःच ओशाळून हसला.

निघताना पर्समधला तिचा गोल आरसा तिनं काढला. त्यानं वायरींसाठी ठेवलेल्या काळ्या चिकटपट्टीचा तुकडा तोडला आणि रस्ता झाकणार नाही अशा बेतानं आरसा समोरच्या फळीवर बसवला. दोनदा सरकवला, एक डोळा मिटून बघितलं, कागद मशीनवर जुळवताना बघायचा तसं. शेवटी आरशात तिचं तोंड आलं, हनुवटीपासून नाकापर्यंत.

गाडी पुन्हा रस्त्याला लागली. तिनं आरशाकडे बघून सांगितलं, "मागून ट्रक येतोय. बाजूला घ्या."

त्यानं आरशाकडे एक नजर टाकली आणि गाडी बाजूला घेतली.